‘रोझॅना’ : एका पोलीस-तपासकथेचे गुणदोष

१

गुन्ह्याच्या शोधावर आधारलेल्या कथांसाठी मराठीत ‘हेरकथा’, ‘गुप्तपोलिसी कथा’ आणि ‘रहस्यकथा’ असे तीन शब्द रूढ आहेत. पहिल्या दोन शब्दांत शोध घेणाऱ्या व्यक्तीस प्राधान्य आहे, तर तिसऱ्यात वाचकापुढे टाकलेल्या कोड्यास. ज्या कथेत व्यक्तीही प्रधान नाही आणि कोडेही प्रधान नाही, तर पोलिसांचे दैनंदिन काम हाच ज्या कथेचा विषय आहे, अशा कथेसाठी मात्र मराठीत निश्चित संज्ञा नाही. प्रस्तुत विवेचनापुरते तिला ‘तपासकथा’ असे म्हणणे सोयीचे होईल. ‘तपास’ हा शब्द पोलीस-ठाण्याच्या दप्तरात नित्य वापरला जाणारा आहे आणि या कथाप्रकाराचे सारे वैशिष्ट्य दप्तराशी असलेल्या त्याच्या नात्यातच आहे.

या कथाप्रकाराचा उगम एका विशिष्ट ग्रंथात दाखविता येणे कठीण आहे. फ्रान्समध्ये व्हिदोकच्या आठवणी १८२८ साली प्रसिद्ध होऊ लागल्या. १८६६ साली पुस्तकरूपाने निघालेल्या गाबोरियोच्या लरूज-प्रकरणात लकॉक हा पोलीस खात्यातील माणूस अवतरला. परंतु १८८७ साली शेरलॉक होम्सचा उदय झाला आणि पोलीस अधिकाऱ्याकडे पुढे दीर्घकाळ गौण भूमिका आली. त्याने चुकावे आणि खाजगी शोधकाने त्याची चूक दाखवून द्यावी, असा जणू संकेतच ठरला. १९३१ पासून सिमेनाँने मेग्रे या पोलीस अधिकाऱ्यास नायकपद दिले खरे; तथापि मेग्रेचे यश त्याच्या मनुष्यस्वभावाच्या जाणिवेत आहे, खात्याच्या यंत्रणेत नाही. यंत्रणेसच नायकपद देण्याचा प्रयत्न दुसऱ्या महायुद्धानंतरचा. अमेरिकेत लॉरेन्स ट्रीटची ‘व्ही अॅज इन व्हिक्टिम’ (१९४५), रेडिओवरील ‘ड्रॅगनेट’ ही मालिका (१९४९), हिलरी वॉची ‘लास्ट सीन वेअरिंग’ (१९५२) व एड मॅक्बेनची ‘कॉप हेटर’ (१९५६), आणि इंग्लंडात जॉन क्रीझीने जे. जे. मॅरिक या नावाने लिहिलेली ‘गिडिअन्स डे’ (१९५५) हे या मार्गावरील प्रमुख टप्पे होत.

महाराष्ट्रातील वाचकाची अभिरुची याच काळात वेगळ्या दिशेने घडत होती. बाबूराव अर्नाळकरांचे धनंजय, झुंजार आणि काळापहाड हे नायक घरोघर पोचले होते. त्यांचे आकर्षण व्यक्तीच्या असामान्य धाडसात होते. ठाण्यातील नोंदवहीस तेथे फारसे स्थान नव्हते. म्हणूनच तपासकथेचे गुणदोष पारखताना मराठी अभ्यासकाने आपल्या पूर्वसंस्कारांचे भान ठेवणे अवश्य आहे. असामान्य नायकाची अपेक्षा मनात धरून या कथांकडे गेल्यास त्यांचे गुणच दोष वाटू लागतील. आणि त्यांच्या वास्तवतेचे अतिरिक्त कौतुक केल्यास खरे दोष नजरेआड होतील.

या दोन्ही बाजूंचा विचार करण्यास स्वीडनमधील ‘रोझॅना’ ही कादंबरी विशेष उपयुक्त आहे. माय शोवाल (१९३५–२०२०) आणि पेर वालो (१९२६–१९७५) या लेखकजोडीने ती लिहिली आणि १९६५ साली ती प्रसिद्ध झाली. दहा कादंबऱ्यांच्या मालेतील ही पहिली. प्रत्येक कादंबरीची तीस प्रकरणे आणि सगळ्यांना मिळून ‘एका गुन्ह्याची कादंबरी’ अशा अर्थाचे एकच उपशीर्षक, अशी त्या मालेची योजना होती. १९७५ साली ती पूर्ण झाली व त्याच वर्षी वालो निवर्तले. दोघांनी एक-एक प्रकरण वाटून घ्यावे आणि मुले निजल्यावर रात्री लिहावे, असा त्यांचा क्रम होता. मॅक्बेनच्या काही कादंबऱ्यांची स्वीडिश भाषांतरेही त्यांनी केली होती. अमेरिकन परंपरेशी त्यांचा परिचय होता. परंतु ‘रोझॅना’ ही त्या परंपरेची नक्कल नव्हे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२

कथानक थोडक्यात असे. जुलै महिन्याच्या आठव्या दिवशी, मोताला गावाजवळ बोरेन्सहुल्ट येथे गोटा कालव्याच्या जलद्वारापाशी गाळ काढणाऱ्या यंत्राच्या बादलीतून एका तरुण स्त्रीचे विवस्त्र प्रेत वर येते. तिच्यावर अत्याचार करून, गळा दाबून तिचा खून करण्यात आलेला आहे. ती कोण, कोठली, याचा काहीच पत्ता नाही. स्थानिक पोलिसांच्या साहाय्यास स्टॉकहोमहून खून-तपास पथकातील मार्टिन बेक व त्याचे सहकारी कोलबेर्ग आणि मेलांदर येतात. आठवडे लोटतात, काहीच निष्पन्न होत नाही. सुमारे तीन महिन्यांनी अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या लिंकन शहराहून तार येते : मृत स्त्री तेथील ग्रंथपाल रोझॅना मॅग्रॉ असावी. ती ‘डायना’ नावाच्या प्रवासी बोटीवर होती, हे मग उलगडते. बोटीवर माणसे पंच्याऐंशी, आणि ती आता अनेक देशांत पांगलेली. त्या प्रवाशांनी हौसेने काढलेली छायाचित्रे व चित्रफिती मागवून, एकेक चौकट तपासून, रोझॅनाच्या जवळपास दिसणाऱ्या एका पुरुषापर्यंत पोलीस येतात. तो फोल्के बेंग्त्सन. त्याच्याविरुद्ध पुरावा काहीच नाही. अखेर सोन्या हान्सन या पोलीस स्त्रीस पुढे करून त्याच्याभोवती जाळे विणले जाते. तो तिच्यावर हल्ला करतो, पकडला जातो व बेकपुढे कबुली देतो.

ज्या कालव्यावर हे घडते तो १८३२ साली पूर्ण झाला. त्याची लांबी सुमारे १९० किलोमीटर असून त्यावर ५८ जलद्वारे आहेत. उन्हाळ्यात त्यावरून संथ गतीने जाणाऱ्या जुन्या बोटी हा विदेशी प्रवाशांच्या कौतुकाचा विषय. लेखकांनी स्वतः अशा बोटीने प्रवास केला होता, आणि बोटीवर एकटीच उभी असलेली एक अमेरिकन स्त्री पाहून या कादंबरीची कल्पना सुचली, असे शोवाल यांनी पुढे सांगितले. कल्याणकारी राज्याच्या जाहिरातीतील जणू चित्र असलेल्या या जलमार्गाच्या गाळातून प्रेत वर यावे, ही योजना अर्थपूर्ण आहे. परंतु लेखक तिचा अर्थ शब्दांत सांगत नाहीत. ते पहिल्याच प्रकरणात सांगतात ते वेगळेच : गाळ काढण्यासंबंधीचा कागद कोणकोणत्या कचेऱ्यांतून कसा फिरला आणि काम कसे लांबले. कादंबरी कचेरीच्या कागदाने सुरू होते, आणि तोच तिचा स्थायी स्वर आहे.

येथे एक ऐतिहासिक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. स्वीडनमधील पोलीस-दल १९६५ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेपर्यंत स्थानिक स्वराज्य-संस्थांच्या अखत्यारीत होते. त्या दिवशी ते राज्यसत्तेकडे गेले. पूर्वीच्या शेकडो लहान क्षेत्रांऐवजी ११९ पोलीसक्षेत्रे झाली व त्यांच्यावर एक मध्यवर्ती मंडळ आले. ज्या वर्षी हे घडले त्याच वर्षी ‘रोझॅना’ प्रसिद्ध झाली. कादंबरीत मोतालाचा आल्बेर्ग आणि राजधानीचा बेक यांच्यात जे समंजस सहकार्य दिसते, ते जुन्या व्यवस्थेच्या अखेरच्या पर्वाचे आहे. पुढील कादंबऱ्यांत मध्यवर्ती पोलीस-यंत्रणेवर टीकेचा जो भडिमार आहे, त्याचा येथे मागमूस नाही. मालेचा एकत्रित अर्थ लावताना ही पहिली पायरी विसरली, तर लेखकांच्या मतांचा विकास अभ्यासकास नीट कळणार नाही.

३

कादंबरीचे पहिले आणि सर्वांत मोठे सामर्थ्य तिच्या कालयोजनेत आहे. सामान्य रहस्यकथेत दोन शोधांमधला काळ गाळलेला असतो, कारण त्यात काही घडत नाही. येथे काही न घडण्याचाच काळ कथेत घेतलेला आहे. उत्तराची वाट पाहणे, दूरध्वनी, सर्दी, पोटदुखी, भुयारी रेल्वेचा प्रवास, आणि पुन्हा त्याच कागदांचे वाचन, यांत आठवडे जातात. वाचकास कंटाळा न येता कंटाळ्याची जाणीव करून देणे हे अवघड काम लेखकांनी साधले आहे. ते साधले याचे कारण असे की, या रिकाम्या काळावर प्रत्येक वेळी मृत स्त्रीची छाया आहे. नाव कळेपर्यंत ती केवळ एक वर्णन असते. नाव कळल्यावर ती व्यक्ती होते. तपास म्हणजे खुनी शोधणे, हा समज येथे प्रथमच बाजूस सारला जातो. कोण मेले याचे उत्तर मिळविणे हेही न्यायाचेच कार्य आहे, ही जाणीव कादंबरीच्या पूर्वार्धास गांभीर्य देते.

दुसरे सामर्थ्य सामूहिकतेत आहे. बेक हा नायक असला तरी निर्णायक दुवे एकट्या त्याच्या हाती लागत नाहीत. मेलांदरची स्मरणशक्ती, कोलबेर्गची रोखठोक बुद्धी, आल्बेर्गची चिकाटी, समुद्रापलीकडच्या काफ्का या अधिकाऱ्याची तत्परता, अशा अनेकांच्या कामाची ती बेरीज आहे. बेकचा विशेष गुण कोणता, असे विचारले तर तो कामास चिकटून राहतो, एवढेच उत्तर देता येईल. होम्सच्या परंपरेत हा गुण मदतनिसाचा. येथे तो नायकाचा झाला. या एका बदलाने पोलीस अधिकाऱ्याचे साहित्यातील स्थान पालटले असे म्हणावयास हरकत नाही. १९९१ पासून हेनिंग मांकेलने ज्या वालांदरच्या कथा लिहिल्या, त्यांचा नायक याच वंशातला आहे.

तिसरे सामर्थ्य भाषेचे आहे, आणि त्याचा विचार थोड्या विस्ताराने करणे अगत्याचे आहे. कादंबरीत रोझॅनाचा प्रियकर आणि तिची मैत्रीण यांचे लिंकन येथे घेतलेले जबाब प्रश्नोत्तरांच्या स्वरूपात जसेच्या तसे दिलेले आहेत. पुढे बेंग्त्सनची उलटतपासणीही त्याच स्वरूपात येते. ‘तो रागाने म्हणाला’, ‘ती गोंधळली’ अशी निवेदकाची टिप्पणी तेथे नाही. बोलणाऱ्याचा स्वभाव, त्याचा संकोच, त्याचा खोटेपणा हे सर्व केवळ वाक्यांच्या लांबी-आखूडपणावरून, टाळलेल्या उत्तरावरून आणि प्रश्नाच्या पुनरुक्तीवरून वाचकाने ओळखावयाचे. त्याहूनही महत्त्वाचे असे की, प्रश्न विचारणाराही या स्वरूपात उघडा पडतो. लिंकनच्या जबाबांतील प्रश्न मृत स्त्रीच्या खाजगी आयुष्यात निःसंकोच शिरतात; त्यांतील कुतूहलाचा काही भाग तपासाला आवश्यक आहे आणि काही नाही. दोहोंमधली रेषा वाचकाला दिसते, कारण प्रश्न कागदावर आहे.

भारतीय पोलिसांच्या मराठी दप्तराशी याची तुलना उद्‌बोधक ठरेल. आपल्याकडील जबाब ‘समक्ष विचारल्यावरून लिहून देतो की’ अशा धर्तीच्या वाक्याने सुरू होतो आणि पुढे सलग प्रथमपुरुषी निवेदनात चालतो. साक्षीदार बोललेला असतो अनेक प्रश्नांच्या उत्तरादाखल. कागदावर मात्र तो आपण होऊन बोलल्यासारखा दिसतो. भाषा पुष्कळदा लेखनिकाची असते, पण तिचे व्याकरण साक्षीदाराच्या नावावर जमा होते. ‘विचारल्यावरून’ हे एकच पद तेवढे प्रश्नांची स्मृती राखून असते. ‘रोझॅना’तील प्रश्नोत्तरी कागद याच्या नेमका उलट आहे : तेथे प्रश्न पुसले जात नाहीत, म्हणून सत्तेचा आवाजही पुसला जात नाही. लेखकांनी हे स्वरूप केवळ खरेपणाचा भास व्हावा म्हणून स्वीकारले असेल. परंतु त्याचा परिणाम त्याहून खोल झाला आहे.

चौथे सामर्थ्य मृत स्त्रीच्या चित्रणात आहे. रोझॅना सत्तावीस वर्षांची, स्वतंत्र, एकटी प्रवास करणारी आणि पुरुषांशी संबंध स्वतःच्या इच्छेने ठेवणारी आहे. १९६५ च्या सुमाराच्या गुन्हेकथांत अशा स्त्रीच्या मृत्यूला तिच्या वर्तनाची शिक्षा समजण्याची प्रवृत्ती सर्रास दिसे. येथे निवेदनात तसा निवाडा कोठेही नाही. बेकला ती आवडू लागते असे म्हटले तरी चालेल. आणि ती आपल्या मनाप्रमाणे जगली, ही गोष्ट त्याच्या लेखी तिच्या मृत्यूचे कारण ठरत नाही. खुनी मात्र नेमके तेच कारण मानतो. पोलिसाची दृष्टी आणि खुन्याची दृष्टी यांतील हा भेद कादंबरीचा नैतिक गाभा आहे.

४

आता दोषांकडे वळावयाचे. यांतील पहिला दोष सर्वांत गंभीर आहे, कारण तो कादंबरीच्या मूळ तत्त्वाशीच विसंगत आहे. पूर्वार्धात कागद, छायाचित्रे, स्मृती आणि चिकाटी यांच्या बळावर तपास पुढे सरकतो. बेंग्त्सनपर्यंत पोचल्यावर मात्र पुराव्याचा मार्ग खुंटतो आणि लेखक सापळ्याचा आश्रय घेतात. एका सहकारी स्त्रीस आमिष म्हणून पुढे करणे, संशयिताच्या विकृतीस जाणूनबुजून चेतविणे आणि तो हल्ला करील तेव्हा त्यास पकडणे, ही युक्ती तपासाची नव्हे, शिकारीची आहे. पहाऱ्यावरील माणसांना काही मिनिटांचा विलंब होतो व सोन्या हान्सन मृत्यूच्या दारातून परत येते. हा प्रसंग विलक्षण उत्कंठा निर्माण करतो, यात शंका नाही. परंतु ज्या कादंबरीने उत्कंठेवाचून वाचकास धरून ठेवता येते असे वीसहून अधिक प्रकरणांत सिद्ध केले, तिनेच शेवटी जुन्या साहसकथेचे हत्यार उचलावे, हे तिच्या स्वतःच्या कसोटीस उतरत नाही.

तर्कदृष्ट्याही सापळा काय सिद्ध करतो, हा प्रश्न उरतोच. सोन्यावरील हल्ला सिद्ध होतो. रोझॅनाचा खून त्याने सिद्ध होत नाही. तो सिद्ध होतो तो केवळ पोलिसांपुढील कबुलीने. भारतीय वाचकास येथे अडखळल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या पंचविसाव्या कलमाने पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुली आरोपीविरुद्ध अग्राह्य ठरविली होती. आणि १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने तेविसाव्या कलमात तेच तत्त्व कायम ठेवले आहे. स्वीडनचा कायदा निराळा. १९४२ साली संमत होऊन १९४८ पासून अंमलात आलेल्या तेथील न्यायप्रक्रिया-संहितेनुसार पुराव्याचे मोल ठरविण्यास न्यायालय मुक्त आहे. म्हणून कादंबरीचा शेवट तेथील कायद्याच्या दृष्टीने अशक्य नाही. परंतु न्यायालय कादंबरीत येतच नाही. कबुली झाली, प्रकरण मिटले, बेक घरी निघाला. तपासाच्या प्रत्येक पायरीचा हिशेब देणाऱ्या कथेने अखेरची पायरी, म्हणजे जमविलेल्या सामग्रीची न्यायासनापुढील पारख, वगळावी ही उणीव लहान नाही. ती या एका कादंबरीची नसून बहुतेक सगळ्या तपासकथांची आहे : अटक हाच त्यांचा न्याय असतो.

या आक्षेपास एक उत्तर संभवते. सापळ्याचा निर्णय लेखकांनी निर्दोष म्हणून रंगविलेला नाही. बेकच्या मनाला तो टोचतो, आणि सहकारी स्त्रीस झालेल्या इजेचे ओझे शेवटच्या पानांवर आहे. तेव्हा यंत्रणेचे अपयश दाखविणे हाच लेखकांचा हेतू असावा, असे म्हणता येईल. हे उत्तर अंशतः मान्य करावे लागते. परंतु हेतू आणि परिणाम यांत अंतर पडले आहे. वाचकाच्या मनावर ठसतो तो यंत्रणेचा पेच नव्हे, तर दार फोडून आत शिरण्याचा क्षण. कथेच्या गतीनेच नैतिक प्रश्न मागे टाकला आहे.

दुसरा दोष खुन्याच्या मनोव्यापाराच्या चित्रणात आहे. रोझॅना हळूहळू, अनेकांच्या साक्षींतून, परस्परविरोधी तपशिलांसह उभी राहते. बेंग्त्सनच्या वाट्यास तसे काही येत नाही. स्त्रीच्या कामेच्छेविषयीची किळस आणि त्यातून उद्‌भवलेला हिंसाचार, एवढ्या एकाच सूत्रात त्याचा उलगडा होतो. त्या दशकात लोकप्रिय झालेल्या मनोविश्लेषणाच्या परिभाषेचा हा प्रभाव असावा. ज्या कादंबरीने समाजाचे कागद इतक्या बारकाईने वाचले, तिने गुन्हेगार मात्र समाजाबाहेरचा, एक वैयक्तिक विकृती म्हणून रंगविला. गुन्ह्याची मुळे समाजरचनेत शोधण्याची लेखकांची जी प्रतिज्ञा पुढे प्रसिद्धीस आली, तिच्याशी हे चित्रण जुळत नाही. कल्याणकारी राज्याची चिरफाड करण्याचे साधन म्हणून गुन्हेकथा वापरावयाची, असे त्यांचे धोरण होते. ‘रोझॅना’त त्या शस्त्राची धार जेमतेम जाणवते.

तिसरा दोष बेकच्या घरात आहे. मृत स्त्रीस इतक्या न्यायबुद्धीने वागविणारे लेखक बेकच्या जिवंत पत्नीस मात्र किरकिर करणारी गृहिणी एवढ्याच भूमिकेत ठेवतात. नवरा आठवडेच्या आठवडे बाहेर, घरी आला तरी छोट्या जहाजांच्या प्रतिकृती करीत बसलेला. तेव्हा तिच्या तक्रारीस कारण नाही असे कोण म्हणेल? परंतु तिची बाजू कोणी नोंदवीत नाही. पोलिसाचे दुःखी वैवाहिक जीवन हा पुढे या कथाप्रकाराचा ठराविक साचा बनला. त्या साच्याचे मूळ शोधताना ही कादंबरी टाळता येणार नाही.

५

भाषांतराविषयी एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. भारतीय वाचकाच्या हाती ही कादंबरी बहुधा इंग्रजीतून येते. लॉइस रॉथ यांचे इंग्रजी भाषांतर १९६७ साली निघाले. स्वीडिश भाषेत त्या काळी संबोधनाचे तीन प्रकार होते : जवळिकीचे एकवचनी सर्वनाम, अंतर राखणारे बहुवचनी सर्वनाम, आणि सर्वनाम टाळून पदवीने वा हुद्द्याने केलेला उल्लेख. १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात जवळिकीचे सर्वनाम झपाट्याने सार्वत्रिक झाले. १९६७ साली तेथील वैद्यकीय प्रशासनाच्या प्रमुखाने आपण कर्मचाऱ्यांना त्याच सर्वनामाने संबोधणार असे जाहीर केले, ही घटना त्या बदलाची खूण म्हणून सांगितली जाते. ‘रोझॅना’ या बदलाच्या उंबरठ्यावर लिहिलेली आहे. इंग्रजीतील एकच सर्वनाम हे सारे भेद सपाट करून टाकते. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘साहेब’ यांच्या उपयोगाने ते पुष्कळसे राखता येतील. मूळ स्वीडिशवरून मराठी भाषांतर करणाऱ्यास तपासणी-प्रकरणांत प्रत्येक वाक्यागणिक हा निर्णय घ्यावा लागेल. अधिकारी संशयितास ‘तुम्ही’ म्हणतो की ‘तू’ यावर त्या प्रकरणाचे सारे नीतिशास्त्र अवलंबून राहील.

६

या कादंबरीविषयीचा अखेरचा निर्णय तिच्या लेखकांनीच जणू नऊ वर्षांनी दिला. मालेतील नववी कादंबरी १९७४ साली निघाली. तिच्यात दक्षिण स्वीडनमधील एका खेड्यातून एक स्त्री नाहीशी होते. शिक्षा भोगून सुटलेला फोल्के बेंग्त्सन तिचा शेजारी आहे. साहजिकच संशय त्याच्यावर जातो. वरिष्ठ आणि वृत्तपत्रे यांच्या लेखी प्रश्न मिटलेलाच असतो. परंतु या वेळी तो निर्दोष आहे. ज्या दप्तराने १९६५ मध्ये सत्य शोधले, तेच दप्तर १९७४ मध्ये सत्याच्या आड येते, कारण त्यात एका माणसाचे नाव एकदा लिहिले गेले आहे. त्याच कादंबरीत कोलबेर्ग पोलिसाची नोकरी सोडतो. पहिल्या पुस्तकात एकाच सूत्रात बसविलेल्या माणसाकडे लेखक पुन्हा वळले आणि त्यास संशयाचा फायदा त्यांनी दिला. आत्मपरीक्षणाचे असे उदाहरण या कथाप्रकारात विरळा.

यावरून इतिहासाच्या अभ्यासकास दोन गोष्टी हाती लागतात. पहिली अशी की, तपासकथा ही पोलीस-यंत्रणेच्या इतिहासाचे साधन म्हणून वापरावयाची तर सावधगिरी बाळगली पाहिजे. कामाची गती, कचेऱ्यांचे परस्परसंबंध, बोलण्याची रीत, साधनांची मर्यादा यांविषयी ‘रोझॅना’ची साक्ष मोलाची आहे, कारण या तपशिलांत खोटे बोलण्याचे कथेस प्रयोजन नाही. परंतु तपास कसा फळास आला याविषयीची तिची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. तेथे कथेच्या गरजा कामास लागलेल्या असतात. एकाच ग्रंथाचा एक भाग प्रमाण आणि दुसरा अप्रमाण ठरू शकतो, हा साधनचिकित्सेचा नियम कादंबरीसही लागू आहे.

दुसरी गोष्ट गुणदोषांच्या परस्परसंबंधाविषयीची. ‘रोझॅना’चे बहुतेक दोष तिच्या गुणांच्या सीमेवर उद्‌भवतात. दप्तराची पद्धती जेथवर पोचते तेथवर कादंबरी भक्कम आहे. दप्तर संपते आणि माणसाच्या अंतःकरणात किंवा न्यायासनापुढे जावयाचे असते, तेथे ती उसन्या युक्त्यांवर चालते. तरीही, अनोळखी प्रेताला त्याचे नाव परत मिळवून देण्यासाठी काही सामान्य माणसांनी सहा महिन्यांहून अधिक काळ खपावे, ही घटना तिने साहित्यात आणली. शासनाच्या यंत्रणेकडून नागरिकाने कशाची अपेक्षा धरावी, याचे इतके साधे उत्तर राज्यशास्त्राच्या ग्रंथांतही क्वचितच सापडेल. ते उत्तर पूर्वार्धात आहे, शेवटच्या झटापटीत नाही. आणि कादंबरीचे मोल ठरविताना तिचा पूर्वार्धच अधिक भरीव मानावा लागतो.